‘प्रायमरी’ म्हणजे काय? आयोवा राज्यातील एका नागपूरकर उमेदवाराच्या पराभवाची हकीकत

ज्या पानांत मांढळच्या वाकाटक ताम्रपटांची वाचने व अडमच्या उत्खननाची टिपणे यावयाची, त्या पानांत अमेरिकेतील एका निवडणुकीचा वृत्तान्त पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु हा विषय येथे मांडण्यास आमच्यापाशी दोन कारणे आहेत. पहिले असे की, जिच्या पराभवाची ही हकीकत आहे ती उमेदवार जन्माने नागपूरची असून येथील विद्यापीठाची पदवीधर आहे. दुसरे कारण संग्राहकांच्या कामाचे आहे. लोकप्रतिनिधी निवडण्याच्या व्यवहारात मतदानाच्या आधी एक चाळणी लागते. त्या चाळणीचे कागद तिकडे राहतात आणि आपल्याकडे राहत नाहीत. हा भेद का पडतो, हे प्रस्तुत उदाहरणावरून चांगले समजते.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपली वृत्तपत्रे ‘प्रायमरी’ ह्या शब्दाचे भाषांतर ‘प्राथमिक निवडणूक’ असे करतात. जन्मभर शाळेत घालविलेल्या आमच्यासारख्यास त्यातून प्राथमिक शाळाच आठवते, आणि सामान्य वाचकाचा असा समज होतो की ही निवडणुकीची पहिली फेरी असून तीत सर्व पक्षांचे उमेदवार एकमेकांशी झुंजतात. बहुतेक राज्यांत तसे नसते. एकाच पक्षातर्फे उभे राहू इच्छिणारे अनेक असता त्यांपैकी कोणास पक्षाचे नाव लावू द्यावयाचे, हा निर्णय त्या पक्षाच्या मतदारांनी गुप्त मतदानाने करावयाचा, ह्यास प्रायमरी म्हणतात. खरी लढत नोव्हेंबरात होते. ही तिच्या आधीची घरातली निवड. आम्ही तिला ‘पूर्वनिवड’ म्हणू. ह्याहून चांगला शब्द कोणी सुचविल्यास आमचा आग्रह नाही.

ही पद्धती फार जुनी नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही उमेदवार पक्षाच्या बैठकांत व मेळाव्यांत ठरत, आणि तेथे रेल्वे कंपन्यांचे व पक्षपुढाऱ्यांचे वजन चाले. ते मोडण्यासाठी विस्कॉन्सिन राज्यात गव्हर्नर ला फॉलेट ह्यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये कायदा झाला व पुढल्या वर्षी लोकमताने त्यास मान्यता मिळाली. शेजारच्या आयोवा राज्यात १९०७ मध्ये, आल्बर्ट कमिन्स हे गव्हर्नर असताना, असाच कायदा झाला. हे कमिन्स त्या काळी सुधारकांचे अग्रणी होते. १९०८ च्या जूनमध्ये नव्या कायद्याखाली पहिलीच पूर्वनिवड झाली. तीत सेनेटच्या जागेसाठी ते स्वतः उभे राहिले, ते १८७३ पासून सेनेटात बसलेल्या वृद्ध ॲलिसन ह्यांच्याविरुद्ध. आणि लोकांनी जुन्या मताच्या ॲलिसन ह्यांनाच पसंत केले. ऑगस्टात ॲलिसन वारले व त्याच वर्षी कमिन्स सेनेटात गेले, ही गोष्ट निराळी. पुढे अठरा वर्षे लोटली. एके काळचा सुधारक वयाबरोबर जुन्या मताचा गणला जाऊ लागला. १९२६ च्या जूनमध्ये स्मिथ ब्रुकहार्ट नावाच्या जहाल उमेदवाराने ह्याच कायद्याखाली, ह्याच पक्षाच्या पूर्वनिवडीत कमिन्स ह्यांस पाडले. जुलै महिना संपण्याच्या आत कमिन्स निवर्तले. कायदा करणाऱ्यासच कायदा भोवल्याची उदाहरणे आपल्या बखरींतही सापडतील. पण येथे त्याची नोंद मतांच्या आकड्यांसह सरकारी दप्तरात आहे.

ह्या दोन निकालांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो, कारण जपून चालणारा मनुष्य पूर्वनिवडीत नेहमी हरतोच असा नियम नाही. तथापि त्याची वाट अधिक बिकट असते, आणि त्याचे कारण मतदारांच्या संख्येत आहे. ते पुढे सांगू.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. स्वातीबाई दांडेकर ह्यांचा जन्म नागपूरचा. नागपूर विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतल्यावर मुंबईस त्यांनी आहारशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९७३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. आयोवातील सीडर रॅपिड्स शहराला लागून असलेल्या मॅरियन गावी त्यांचे बिऱ्हाड झाले. सार्वजनिक कामास आरंभ तेथील शाळा-मंडळावरून झाला, ह्याचा आम्हांस साहजिकच संतोष वाटतो. २००२ मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांच्या प्रतिस्पर्धिनीने एका पत्रात असा सवाल केला होता की, जातिभेद असलेल्या हिंदुस्थानात वाढलेली स्त्री आयोवासाठी कायदे कसे करणार? मतदारांनी त्या प्रश्नास दांडेकरबाईंस निवडून देऊन उत्तर दिले. भारतात जन्मलेल्या ज्या स्त्रिया अमेरिकेतील राज्य-विधिमंडळांत गेल्या, त्यांत त्यांचे नाव अगदी पहिल्यांत येते. २००८ मध्ये त्या राज्याच्या सेनेटवर निवडून आल्या, आणि ही जागा त्यापूर्वी रिपब्लिकन पक्षाकडे होती. विरुद्ध पक्षाचे मतदार वळवून घेण्याचे सामर्थ्य त्यांच्यात होते, हे यावरून दिसते. त्यांच्या पुढील पराभवाचे बीजही येथेच आहे.

ह्या ठिकाणी ‘पुराणमतवादी’ ह्या शब्दाविषयी खुलासा केला पाहिजे. अमेरिकेत हा शब्द बहुधा रिपब्लिकन पक्षाच्या उजव्या बाजूस लावतात, आणि त्या अर्थी दांडेकरबाईंस तो लागू नाही. परंतु कोणत्याही पक्षाच्या आत एक टोकाकडे ओढणारा व एक मध्याकडे ओढणारा असे दोन ओघ असतात. त्यांतील दुसऱ्या ओघात त्यांची गणना होई. नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे ‘पुराणमतवादी’ हे पद सापेक्ष आहे. कोणाच्या अपेक्षेने ते सांगितल्यावाचून अर्थ पुरा होत नाही.

२०११ च्या सप्टेंबरात एक प्रसंग घडला, तो फार महत्त्वाचा आहे. राज्याचे गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड हे रिपब्लिकन. त्यांनी दांडेकरबाईंस वीज, वायू इत्यादि सार्वजनिक सेवांचे नियमन करणाऱ्या राज्यमंडळावर नेमले आणि त्यांनी सेनेटचा राजीनामा दिला. त्या वेळी सेनेटात डेमोक्रॅट २६ व रिपब्लिकन २४ असे बलाबल होते. रिकामी झालेली जागा हातची गेली असती तर दोन्ही पक्ष २५–२५ असे बरोबरीस आले असते आणि डेमोक्रॅटांचे बहुमत नाहीसे झाले असते. ८ नोव्हेंबर २०११ रोजी पोटनिवडणूक झाली. तीत लिझ मॅथिस ह्या डेमोक्रॅट उमेदवार निवडून आल्या व बहुमत वाचले. पण विरुद्ध पक्षाच्या गव्हर्नराच्या हातून नेमणूक घेऊन आपल्या पक्षाचे बहुमत पणास लावले, ही गोष्ट पक्षातील निष्ठावंतांपैकी अनेकांच्या मनातून गेली नाही. आमच्या मते नेमणूक स्वीकारण्यात गैर काही नव्हते. नियमन-मंडळावर बसणे हीही लोकसेवाच आहे. तथापि पूर्वनिवडीचा मतदार लोकसेवा निराळ्या मापाने मोजतो.

२०१४ मध्ये आयोवाच्या पहिल्या मतदारसंघाचे प्रतिनिधी ब्रूस ब्रेली हे सेनेटसाठी उभे राहिले आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधी-सभेतील त्यांची जागा मोकळी झाली. सीडर रॅपिड्स, वॉटर्लू व डुब्यूक ही त्या वेळी ह्या मतदारसंघातील मोठी शहरे होती. दांडेकरबाईंनी नियमन-मंडळाची जागा २०१३ मध्येच सोडली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या पूर्वनिवडीत उडी घेतली. एकूण उमेदवार पाच होते. पॅट मर्फी हे डुब्यूकचे. राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचे माजी सभापती, आणि कामगार संघटनांचा त्यांस पाठिंबा. ॲनेसा काय्ताझोविच ह्या बोस्नियात जन्मलेल्या, वॉटर्लूच्या तरुण आमदार. मोनिका व्हर्नन सीडर रॅपिड्सच्या नगरसभेच्या सदस्य, व त्या पूर्वी रिपब्लिकन होत्या. डेव्ह ओब्रायन सीडर रॅपिड्सचे वकील. पाचव्या दांडेकरबाई.

ह्या यादीकडे नकाशा पुढे ठेवून पाहिले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. व्हर्नन, ओब्रायन व दांडेकर हे तिघेही एकाच लिन परगण्यातले. मतदारसंघातील सर्वांत दाट वस्तीचा परगणा हाच. पण तेथील मते तीन ठिकाणी वाटली गेली. मर्फींस डुब्यूकमध्ये असा घरचा वाटेकरी नव्हता. शिवाय मध्याकडे कललेला मतदार दांडेकरबाईंचा म्हणावा, तर पूर्वी रिपब्लिकन असलेल्या व्हर्नन ह्याही त्याच मतदारावर डोळा ठेवून होत्या. आपल्याकडे एका गावातून तीन उमेदवार उभे राहिले म्हणजे शेजारच्या गावचा एकटा निघून जातो, हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुहीच्या लहान पोरासही ठाऊक असते.

दुसरे कारण कायद्याच्या रचनेत आहे. आयोवात पूर्वनिवडीत मत देण्यासाठी मतदाराने त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदविलेले असावे लागते. मतदानाच्या दिवशीही पक्ष बदलून नोंद करता येते हे खरे, परंतु जूनमधील एका मंगळवारी त्यासाठी खटपट करणारे थोडे. परिणाम असा की, ३ जून २०१४ रोजी डेमोक्रॅटांच्या पूर्वनिवडीत मते पडली ती सुमारे २८ हजार, आणि त्याच मतदारसंघात नोव्हेंबरच्या निवडणुकीत पडली ती पावणेतीन लाखांहून अधिक. म्हणजे दहा मतदारांपैकी जेमतेम एकाने उमेदवार ठरविला. आणि तो एक म्हणजे सभांना जाणारा, संघटनेचे काम करणारा, पक्षाचा प्रत्येक ठराव लक्षात ठेवणारा मनुष्य. मध्याकडचा जो मतदार २००८ मध्ये दांडेकरबाईंस सेनेटवर घेऊन गेला, तो जूनमध्ये घरीच होता. विरुद्ध पक्षाची मते ओढण्याचा गुण नोव्हेंबरात सोन्याचा. जूनमध्ये तोच संशयाचे कारण होतो.

निकाल असा लागला: मर्फींस शेकडा ३७ च्या आसपास मते, व्हर्ननबाईंस शेकडा २४ च्या आसपास, आणि दांडेकरबाई त्यांच्या मागे राहिल्या.

परंतु ह्या निकालात एक बारकावा आहे, आणि तो ह्या पद्धतीच्या अभ्यासकाने सोडू नये. आयोवाच्या कायद्याप्रमाणे पूर्वनिवडीत पहिल्या आलेल्या उमेदवारास निदान शेकडा ३५ मते मिळाली पाहिजेत. तितकी कोणासच न मिळाल्यास निर्णय मतदारांच्या हातून निघून पक्षाच्या प्रतिनिधींच्या मेळाव्याकडे जातो. पाच उमेदवार असल्याने ह्या वेळी तसेच होईल असा पुष्कळांचा अंदाज होता. मर्फींनी ती रेषा काही शे मतांनीच ओलांडली. ती ओलांडली गेली नसती तर काय झाले असते, ह्याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही, कारण त्याच दिवशी त्याच राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाच्या पूर्वनिवडीत ते प्रत्यक्ष घडले. तेथे सहा उमेदवार होते व कोणीही ३५ पर्यंत पोहोचला नाही. २१ जून रोजी मेळावा भरला. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. आणि पाचव्या फेरीत निवड झाली ती डेव्हिड यंग ह्यांची, जे मतदारांच्या पूर्वनिवडीत पाचवे आले होते! नोव्हेंबरात तेच यंग निवडून येऊन वॉशिंग्टनला गेले. मेळाव्यात पहिल्या पसंतीपेक्षा कोणाचाच तीव्र विरोध नसणे अधिक उपयोगी पडते. दांडेकरबाईंसारख्या उमेदवारास अशी संधी मिळती तर त्या जिंकल्याच असत्या असे आम्ही म्हणत नाही. पक्षातील जुना रोष तेथेही आडवा आला असता. पण काही शे मतांच्या ह्या किंवा त्या बाजूस दोन अगदी निराळ्या रीती उभ्या होत्या, एवढे निश्चित.

नोव्हेंबरात मर्फी हरले. त्यांना हरविणारे डुब्यूकचेच रॉड ब्लम, कट्टर पुराणमतवादी रिपब्लिकन. फरक शेकडा दोनांच्या आसपास. हेच ब्लम दोन वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, स्वतःच्या पक्षाच्या पूर्वनिवडीत पराभूत झाले होते. म्हणजे पूर्वनिवडीतील हार ही कायमची हार नव्हे. दांडेकरबाईंचेही सार्वजनिक आयुष्य तेथे संपले नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी त्यांस मनिला येथील आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून नेमले. तोपर्यंत आयोवाने वॉशिंग्टनच्या प्रतिनिधी-सभेत एकही स्त्री पाठविली नव्हती. ह्या मतदारसंघातून ती गेली २०१८ मध्ये. ॲबी फिंकनॉवर हे तिचे नाव.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. उमेदवार चाळून घेण्याची कल्पना आपल्या भूमीस परकी नाही. तामिळ प्रदेशातील उत्तरमेरूर येथील पहिल्या परान्तक चोळाच्या कारकीर्दीचे शिलालेख, इ. स. ९१९ व ९२१ चे, ह्या बाबतीत प्रसिद्धच आहेत. त्यांत ग्रामसभेच्या समित्यांवर कोण येऊ शकतो हे तपशिलाने दिले आहे: वय ३५ ते ७० मधील, स्वतःच्या जमिनीचा व स्वतःच्या घरात राहणारा, मंत्रब्राह्मण जाणणारा. कोण येऊ शकत नाही हेही दिले आहे: गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेला, आणि पूर्वी बसून हिशेब न दिलेला व त्याचे आप्त. एवढे चाळून उरलेल्यांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटात घालीत व एका मुलाकडून काढवीत. तेथे मतदान नाही, सोडत आहे. परंतु चाळणीचे नियम दगडावर, सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. आजच्या ‘तिकिटा’चा नियम आपल्याला कोणत्या दगडावर वाचावयास मिळतो?

आपल्याकडे पक्षाची उमेदवारी मिळणे ह्यासच ‘तिकीट मिळणे’ म्हणतात, आणि ते वरून मिळते. आज आमचा कुही तालुका लोकसभेच्या ज्या रामटेक मतदारसंघात मोडतो, त्या रामटेकने १९८४ व १९८९ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव ह्यांस निवडून दिले. आंध्रातील गृहस्थ रामटेकास उभा राहतो, ह्यात आम्हांस काहीच वावगे वाटत नाही. पुढे पंतप्रधान झालेला विद्वान प्रतिनिधी ह्या भागास लाभला. मुद्दा एवढाच की, ती निवड येथल्या मतदाराने केलेली नव्हती. त्याच्यापुढे ती होऊन आली.

ह्यास अपवाद करण्याचा एक प्रयत्न झाला, तोही आमच्या शेजारी व त्याच २०१४ साली. लोकसभेच्या निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने राहुल गांधी ह्यांच्या पुढाकाराने देशातील निवडक मतदारसंघांत अमेरिकन धर्तीवर पूर्वनिवड घेतली. त्यांत वर्धा होते. तेथे तत्कालीन खासदार दत्ता मेघे ह्यांचे पुत्र सागर मेघे व माजी मंत्री प्रभा राव ह्यांच्या कन्या चारुलता टोकस ह्यांच्यात सामना झाला आणि मेघे विजयी झाले. परंतु मत देण्याचा अधिकार पक्षाचे पदाधिकारी व प्रतिनिधी एवढ्यांपुरताच होता. सेवाग्रामच्या किंवा आर्वीच्या साध्या पक्षानुयायी शेतकऱ्यास तो नव्हता. आयोवात २८ हजारांनी ठरविले तर आम्ही त्यांस थोडे म्हणालो. येथील संख्या त्याच्या जवळपासही नव्हती. प्रत्यक्ष निवडणुकीत मेघे भाजपच्या रामदास तडस ह्यांच्याकडून पराभूत झाले. २०१९ मध्ये चारुलता टोकस ह्यांस उमेदवारी मिळाली, पण पूर्वनिवडीचा प्रयोग झाला नाही. त्याही तडसांकडूनच हरल्या. घरच्या पूर्वनिवडीत हरलेला उमेदवार पाच वर्षांनी पक्षाचा अधिकृत उमेदवार होतो, हे ब्लम ह्यांच्या उदाहरणाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

आयोवाच्या पूर्वनिवडीत पाचव्या क्रमांकावर आलेल्या उमेदवाराची मतेसुद्धा परगणावार मोजून राज्याच्या दप्तरात ठेवलेली असतात. ती कोणासही पाहता येतात. आपल्याकडे तिकीट मागून न मिळालेल्याचा कागद कोठेच नसतो. ताम्रपटाचेही तसेच आहे: दान ज्यास मिळाले त्याचे गोत्र, शाखा, गाव, चतुःसीमा सर्व मिळते, ज्याने मागितले व ज्यास मिळाले नाही, तो इतिहासात नाही. उलट आपल्या शास्त्रकारांची रीत पाहा. खंडन करावयाचे मत ते आधी पूर्वपक्ष म्हणून सविस्तर मांडतात. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सर्व लुप्त झाले असता त्यांचे मत आज आपल्याला समजते, ते बऱ्याच अंशी माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या आरंभीच ते मांडून ठेवले म्हणून.

तेव्हा संग्राहकांस आमची विनंती आहे. नागपूर, रामटेक, भंडारा व वर्धा ह्या मतदारसंघांतील १९५१–५२ पासूनची हस्तपत्रके, मतदारांस विनंत्या, माघारीची पत्रके, बंडखोर उमेदवारांची निवेदने जुन्या पेट्यांत व किराणा दुकानांच्या रद्दीत आजही पडून असतात. विजयी उमेदवाराचा कागद कोणीतरी जपतोच. हरलेल्याचा व तिकीट न मिळालेल्याचा आधी उचलावा. अशा कागदांवर पुष्कळदा सालच छापलेले नसते. म्हणून कागद हाती येताच तो कोठे, कोणत्या निवडणुकीच्या संदर्भात व केव्हा मिळाला, हे पाठीवर शिसपेन्सिलीने लिहावे, शाईने नव्हे. आणि मुद्रणालयाचे नाव तळाशी असल्यास ते कापले जाऊ देऊ नये, कारण साल ठरविण्यास बहुधा तेवढाच एक आधार उरतो.